तुमचा फोन ऐकला गेला, तर तुम्हाला कोण सांगणार?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले बरेचसे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ काढलेत. सगळे नाही.)

मी जुहूला राहते, बीटेक केलंय, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करते. वकील नाही, हे आधीच सांगून टाकते. पण गेले काही महिने ऑफिसमधलं माझं अर्धं काम कायद्याचंच झालंय. नवीन डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यामुळे ॲपमध्ये कुठे परवानगी विचारायची, कुठला डेटा कधी पुसायचा, कोणी काय उघडून बघितलं याची नोंद कुठे ठेवायची, हे सगळं आम्ही नव्यानं लिहितोय.

ते करताना डोक्यात एक प्रश्न सारखा येत राहिला. एखाद्या कंपनीनं तुमची माहिती घेतली, तर तिनं तुम्हाला सांगायचं, असा कायदा आहे. मग सरकारनं तुमचा फोन ऐकला, तर? ऐकून झाल्यावर, चौकशी संपल्यावर, तुमच्याविरुद्ध काहीही न सापडल्यावर तरी तुम्हाला सांगायचं का?

उत्तर एका शब्दात आहे: नाही. आजचा एपिसोड या ‘नाही’बद्दल आहे. कुठून आलं, मुंबईत त्याचं काय झालं, आणि महाराष्ट्राच्याच एका कायद्यात त्याच्यावर अर्धा का होईना, पण उतारा कसा लिहून ठेवलाय.

जुहूला उतरलेली टपाल

सुरुवात आमच्या जुहूपासूनच करू. जुहूचा विमानतळ १९२८चा. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टर दिसतात. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा एक छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या पिशव्या होत्या. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट तीच टपाल मद्रासकडे घेऊन गेले. टाटांची विमानसेवा, म्हणजे पुढची एअर इंडिया, इथून सुरू झाली. हे बहुतेकांना माहीत असतं.

त्या पिशव्यांमधलं कुठलंही पाकीट सरकारला उघडता येत होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. १८९८च्या पोस्ट ऑफिस कायद्यात कलम २६ होतं. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असं कारण असलं, की सरकार टपाल अडवू शकत होतं. तारांसाठी त्याच्याही आधीचा, १८८५चा टेलिग्राफ कायदा होता. पुढे टेलिफोन आला, मोबाइल आला, आणि तारांसाठी लिहिलेला हाच कायदा त्या सगळ्यांना लागू होत गेला. शेवटची तार २०१३मध्ये गेली, तरी तारेचा कायदा तुमच्या स्मार्टफोनवर चालूच होता.

ब्रिटिश गेले, कायदा राहिला. १९८६मध्ये तर संसदेनं पोस्टाच्या कायद्यात दुरुस्ती करून पत्रं अडवण्याचा अधिकार आणखी वाढवायचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती होते ग्यानी झैल सिंग. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. राज्यघटनेत राष्ट्रपतींना मुदत घालून दिलेली नाही, त्यामुळे ते विधेयक कायदा झालंच नाही. एका माणसानं फाइल टेबलावर ठेवली, एवढंच आपलं संरक्षण होतं. गोष्ट म्हणून भारी आहे, व्यवस्था म्हणून धोक्याची. दर वेळी टेबलामागे असा माणूस असेलच असं नाही.

आता दोन्ही कायदे बदललेत. टेलिग्राफच्या जागी दूरसंचार कायदा, २०२३. पोस्टाच्या जागी पोस्ट ऑफिस कायदा, २०२३. दोन्ही जून २०२४मध्ये लागू झाले, दूरसंचारचा टप्प्याटप्प्यानं. आणि दोन्हींत अडवण्याचा, ऐकण्याचा अधिकार तसाच आहे.

दोन दरवाजे

फोन ऐकायचा असेल तर कायदा नेमकं काय म्हणतो? इथे जरा लक्ष द्या, कारण पुढची मुंबईची केस यावरच उभी आहे.

दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही पार करावे लागतात. पहिला: सार्वजनिक आणीबाणी आहे का, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे का? हे ‘हो’ असेल तरच दुसऱ्याकडे जायचं. दुसरा: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा एखाद्या गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यापैकी एखादं कारण आहे का? माझ्या भाषेत सांगायचं तर एका ‘इफ’च्या पोटात दुसरा ‘इफ’. बाहेरचा खोटा ठरला, तर आतला तपासायचाच नाही.

बरीच वर्षं हे कागदावरच होतं. पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, कारण राजकारण्यांचे फोन ऐकले जात असल्याचं बाहेर आलं होतं. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ला. न्यायालयानं सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे आणि प्रक्रियेशिवाय ते ऐकता येणार नाही. आदेश गृहसचिवानं काढायचा. तो दोन महिने चालेल, वाढवत वाढवत जास्तीत जास्त सहा महिने. आणि तीन सचिवांची एक पुनरावलोकन समिती तो आदेश बरोबर होता का ते बघेल.

इथे एक गोष्ट मात्र न्यायालयानं केली नाही. आदेश काढण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, अशी मागणी होती. कायद्यात तशी तरतूद नाही, असं म्हणून ती मान्य झाली नाही. म्हणजे आदेश काढणारं सरकार, राबवणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच. आमच्याकडे कोड लिहिणाऱ्यानं स्वतःच स्वतःचा कोड पास करायचा नसतो, दुसऱ्यानं बघायचा असतो. इंटर्नलाही हा नियम पहिल्या आठवड्यात कळतो.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याची केस

आता मुंबई. २००९च्या ऑक्टोबरपासून २०१०च्या फेब्रुवारीपर्यंत केंद्रीय गृह मंत्रालयानं तीन आदेश काढले. दक्षिण मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचे फोन ऐकायचे. सीबीआयचा आरोप असा होता, की कर्ज मिळवण्यासाठी त्यानं सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याला १० लाखांची लाच दिली. त्याचं नाव मी घेत नाही. केस खासगीपणाची आहे, तेवढा मान आपणही ठेवू.

तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्याचा मुद्दा साधा होता. लाचेचा आरोप गंभीर असेल, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षितता कुठे धोक्यात आली? पहिला दरवाजाच उघडत नाही, मग आत आलात कसे?

२२ ऑक्टोबर २०१९ला न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांनी निकाल दिला. तिन्ही आदेश रद्द. रेकॉर्डिंग आणि त्याच्या प्रती नष्ट करा. ते पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

यातलं शेवटचं वाक्य किती मोठं आहे, ते कळायला मुंबईचीच एक जुनी केस बघावी लागेल. शहरात तेव्हा कॉरोनर नावाचं पद होतं. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. या कॉरोनरनं एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याचा आरोप होता, आणि लाचलुचपतवाल्यांनी डॉक्टरच्या संमतीनं त्यांचं फोनवरचं बोलणं टेप केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२मध्ये निकाल आला: टेप चालेल. पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का, हे महत्त्वाचं. पुढची कित्येक वर्षं हीच वाट वहिवाटीची झाली.

२०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालय वेगळं बोलू शकलं, कारण मध्ये २०१७ आलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि हक्क मूलभूत असेल, तर तो तोडून मिळवलेली वस्तू सरकारनं कोर्टात मांडायची कशी?

हा प्रश्न अजून मिटलेला नाही, बरं का. २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालय अशाच लाचेच्या केसमध्ये मुंबईच्याच वाटेनं गेलं. त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयानं दुसरी बाजू घेतली: भ्रष्टाचार मोठ्या रकमेचा असेल, तर तोही सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो. म्हणजे सध्या तरी तुमच्या फोनभोवतीची भिंत किती जाड आहे, हे तुम्ही कुठल्या शहरात आहात यावर थोडंफार ठरतंय.

पण मला या केसमधली वेगळीच गोष्ट खटकते. त्या व्यापाऱ्याला आपला फोन ऐकला गेला हे कळलं कसं? त्याच्यावर खटला भरला गेला आणि ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पुढे आलं, म्हणून. समजा त्या कॉल्समध्ये काहीच सापडलं नसतं. आदेश तेवढाच बेकायदा राहिला असता. फक्त त्याला ते कधीच कळलं नसतं आणि तो कोर्टात गेलाच नसता. म्हणजे आजच्या रचनेत दाद मागता येते ती आरोपीला. ज्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही, त्याला दाद मागायची सोयच नाही.

दीड सेकंदाची तपासणी

“पण ती तीन सचिवांची समिती आहे ना?” असं तुम्ही म्हणाल. आहे. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. दोन महिन्यांतून एकदा बसतात.

आता आकडा ऐका. २०१८मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं डेटा संरक्षणावर अहवाल दिला. हे श्रीकृष्ण म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातलेच, १९९२-९३च्या दंगलींचा चौकशी आयोग ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते. त्यांच्या अहवालात लिहिलंय, की पुनरावलोकन समितीपुढे एका बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश येतात आणि हे काम अवास्तव आहे. हा आकडा येतो कुठून? माहिती अधिकाराच्या एका उत्तरात केंद्र सरकारनंच सांगितलं होतं, की महिन्याला साधारण ७,५०० ते ९,००० आदेश निघतात. त्याला दोननं गुणा.

मी इंजिनिअर आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. समजा ही समिती आठ तास बसली. चहा नाही, जेवण नाही, एकही फोन नाही. आठ तासांचे होतात २८,८०० सेकंद. भागिले १८,०००. एका आदेशाला १.६ सेकंद. भागिले १५,००० केलं तरी दोन सेकंद भरत नाहीत. तुम्ही रील पुढे ढकलता, त्यालाही याहून जास्त वेळ लागतो. देशातले सगळ्यात अनुभवी अधिकारी बसवले, तरी दीड सेकंदात ते आदेश वाचणार आहेत की त्यावरचा नंबर?

दुसरा मुद्दा नोंदींचा. नियम सांगतो की आदेशांच्या आणि ऐकलेल्या संभाषणांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या, कामासाठी लागणार असतील तेवढ्या सोडून. जुन्या नियमांत हे होतं, डिसेंबर २०२४च्या नव्या नियमांतही आहे. संभाषण नष्ट करणं योग्यच आहे. तुमचं बोलणं सरकारी कपाटात कशाला पडून राहावं? पण त्याच्याबरोबर तो आदेश निघाला होता, ही नोंदही जाते. आमच्याकडे कोणी म्हणालं की डेटाबरोबर लॉगसुद्धा पुसून टाकू, तर त्याला सगळे वळून बघतील. डेटा पुसायचा असतो. तो कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून उघडला होता, हे ठेवायचं असतं.

कंपनीला एक माप, सरकारला दुसरं

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये. कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतील. म्हणूनच सध्या आमची धावपळ.

कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत, त्या आधी सांगते. तुमच्याकडून माहिती घेताना कशासाठी घेतोय ते स्पष्ट सांगावं लागेल. ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत! आमच्या इथल्या सोसायट्यांच्या गेटवर ॲप आलीत. घरकामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, नंबर, आल्या-गेल्याची वेळ, सगळं त्यात जातं. त्यांना कोणीही आजवर त्यांच्या भाषेत सांगितलेलं नाही, की हे कुठे साठतं. आता सांगावं लागेल. माहिती फुटली, तर कंपनीनं तुम्हाला विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेत हयगय केली, तर दंड २५० कोटींपर्यंत. माहिती फुटल्याचं लपवलं, तर २०० कोटींपर्यंत.

आणि सरकार? याच कायद्यात कलम १७ आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून पूर्ण वगळू शकतं. शिवाय सरकार कंपनीकडून तुमची माहिती मागू शकतं, आणि सुरक्षेचं कारण असेल तर कंपनीला सांगू शकतं की हे त्या माणसाला कळवू नका. श्रीकृष्णांच्या समितीनं म्हटलं होतं, की असा अपवाद संसदेच्या कायद्यानं, गरजेपुरता आणि प्रमाणात असावा. पुढच्या मसुद्यात सरकारला मोकळं रान दिलेलं पाहून, २०१९मध्ये, खुद्द श्रीकृष्णांनीच त्यावर जाहीर टीका केली होती.

आणखी एक गंमत बघा. गंमत कसली, विसंगती. नवे नियम कंपन्यांना सांगतात: डेटा आणि लॉग किमान एक वर्ष ठेवा, सरकारला लागू शकतात. फोन ऐकण्याचे नियम सरकारी यंत्रणेला सांगतात: तुमच्या आदेशांच्या नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करा. कायदे दोन वेगळे आहेत, मान्य. पण नागरिकाच्या खुर्चीत बसून बघा. मी काय केलं याची नोंद वर्षभर राहणार. माझ्याबाबतीत सरकारनं काय केलं याची नोंद सहा महिन्यांत जाणार.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?’

हा प्रश्न येणारच. आणि मुंबईत बसून तो उडवून लावता येत नाही. २६/११च्या रात्री हल्लेखोर आणि सीमेपलीकडून त्यांना सूचना देणारे यांच्यातले फोन आपल्या पोलिसांनी ऐकले. ते संभाषण पुढे पुरावा म्हणून उभं राहिलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१२च्या निकालात ते विचारात घेतलं. त्या रात्री ते फोन ऐकायलाच हवे होते. सरकारकडे हा अधिकार नसावा असं म्हणणारी मी नाही. दोन्ही दरवाजे अशा रात्रीसाठीच ठेवलेत, आणि त्या रात्री दोन्ही सताड उघडे होते.

प्रश्न बाकीच्या दिवसांचा आहे. आपल्या राज्यात काही वर्षांपूर्वी आरोप झाला, की लोकप्रतिनिधींचे फोन दुसऱ्याच नावांनी, भलतीच कारणं दाखवून ऐकले गेले. २०२२मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले, २०२३मध्ये उच्च न्यायालयात ते रद्द झाले. आरोप सिद्ध झालेले नाहीत, त्यामुळे कोण बरोबर यात मी पडत नाही. पण विषय बाहेर आला तो सत्ताबदलानंतर. म्हणजे आमदार असाल, तरीसुद्धा आपला फोन ऐकला गेला का हे कळायला सरकार बदलावं लागतं. मग माझं-तुमचं काय? आणि सरकार बदललं की उघडते ती तपासणी नव्हे, तो हिशेब चुकता करणं असतो.

१९९९ची एक विसरलेली ओळ

आता ज्याच्यासाठी हा एपिसोड केला, ते. मोक्का सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९. मुंबईतल्या टोळ्यांच्या काळात आलेला, कडक कायदा. त्याच्यावर टीकाही भरपूर होते, आणि तीही ऐकण्यासारखी आहे. पण त्यातली कलम १३ ते १६ उघडून बघा. फोन ऐकायचा असेल, तर पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अर्ज करायचा. कोण अर्ज करतोय, गुन्हा कोणता, कोणाचं संभाषण, कुठल्या साधनावरचं, आणि तपासाचे बाकीचे मार्ग वापरून झाले का, हे सगळं त्यात लिहायचं. परवानगी ६० दिवसांची. हीच कलमं मुंबई उच्च न्यायालयानं २००३मध्ये राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये ती परत वैध ठरवली.

आणि मग कलम २७. राज्य सरकारनं दर वर्षी एक अहवाल तयार करायचा: फोन ऐकण्यासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले. तो अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे, वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत ठेवायचा. सुरक्षेच्या कारणानं काही मजकूर वगळायची मुभा आहे. तरी पण आकडा निवडून दिलेल्या लोकांपुढे येतो.

टोळ्यांशी लढायला केलेला, देशातल्या कडक कायद्यांपैकी एक असलेला कायदा हे करू शकतो. त्यामुळे गुन्हेगारांचं फावलं, अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही. मग दूरसंचार कायद्यात, जो १४० कोटी लोकांना लागू होतो, त्यात ही एक ओळ का नाही?

अमेरिकेत १९६८पासून गुन्ह्यांच्या तपासातले फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो. ऐकणं थांबल्यावर साधारण ९० दिवसांत संबंधित माणसाला कळवावं लागतं, न्यायाधीशानं ते पुढे ढकललं नसेल तर. दर वर्षी आकडे छापले जातात. त्यांच्या गुप्तचर कामाचे घोटाळे वेगळे आणि मोठे आहेत, ते माहीत आहे मला. पण साध्या गुन्ह्यांपुरती ही सोय पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे.

माझं म्हणणं तीन ओळींत मावतं. आदेश सरकारबाहेरच्या कोणीतरी, शक्यतो न्यायाधीशानं, बघावा. संभाषण पुसा, पण आदेशाची नोंद ठेवा आणि वर्षाचा आकडा संसदेपुढे मांडा. आणि काम संपल्यावर, ज्याच्याविरुद्ध काही निघालं नाही, त्याला उशिरा का होईना कळवा.

आपण काय करू शकतो

‘सबस्क्राइब करा’ सोडून, तीन कामं.

पहिलं. ॲपची परवानगीची सूचना पुढच्या वेळी मराठीत मागा. सोसायटीच्या सभेत गेटच्या ॲपबद्दल विचारा: किती दिवस डेटा ठेवता, पुसता का, कोण बघतं? मावशींच्या वतीनंही विचारा.

दुसरं. माहिती अधिकार. महाराष्ट्रात हा कायदा केंद्राच्या आधी, २००२मध्ये आला, आणि त्यामागे अण्णा हजारेंचं आंदोलन होतं. डेटा संरक्षण कायद्यानं केंद्राच्या माहिती अधिकार कायद्यातलं एक कलम बदललंय. वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणं आता सोपं झालंय, आणि हा बदल कंपन्यांच्या बंधनांसारखा मे २०२७पर्यंत थांबला नाही, लगेच लागू झाला. पण मी सांगतेय तो अर्ज कोणाच्याही वैयक्तिक माहितीचा नाही. मंत्रालयातल्या गृह विभागाला विचारायचं: मोक्काच्या कलम २७खालचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल विधिमंडळापुढे कधी ठेवले, आणि त्यांची प्रत द्या. अर्जाचं शुल्क १० रुपये. चौपाटीवर एवढ्यात धड चहाही मिळत नाही.

तिसरं. हाच प्रश्न तुमच्या आमदाराला पाठवा. अधिवेशन मुंबईत असो की नागपुरात, त्यांच्यासाठी तो एक साधा प्रश्न आहे. आणि कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांचाही फोन आहेच की.

मी अर्ज टाकतेय. उत्तर येवो, नकार येवो, किंवा काहीच न येवो, ते पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये जसंच्या तसं सांगेन. तुम्ही टाकलात आणि उत्तर आलं तर मला कळवा. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी उत्तरं आली, तर तीही बातमीच आहे.

चला, भेटू. काळजी घ्या.